विश्लेषण : चार चाकांची ताकद, तरी गाडी चिखलात का रुतते? ‘एलएसडी’, डिफ लॉक आणि अंतर्भागाच्या दुरुस्तीचे गणित…

पावसाळा ओसरला की थार, जिप्सी, गुरखा अशा गाड्यांचे मालक गॅरेजची वाट धरतात. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर, ओढ्यांतून आणि भाताच्या खाचरांकडेच्या चिखलातून चार महिने फिरलेल्या गाड्यांचे दोन प्रश्न असतात. पहिला गाडीच्या आतला : ओला गालिचा, कुबट वास, गंजू लागलेला तळाचा पत्रा, सैल झालेली आसने. दुसरा गाडीच्या खालचा : सगळ्यांच्या गाड्या चढ चढून गेल्या, आपलीच का रुतली? मग लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच ‘एलएसडी’ बसवावे का, याची चर्चा सुरू होते. हाताशी पैसे ठरावीक असतात, त्यामुळे आधी काय करायचे यावर मालकांमध्ये वाद झडतात. हे दोन प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत. ते कसे, याचा हा आढावा…

डिफरन्शियल कशासाठी असते?

गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचे चाक कमी आणि बाहेरच्या बाजूचे चाक जास्त अंतर कापते. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारल्यावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. गोल लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. चौकात काटकोनात वळताना तो साधारण २.३५ मीटर असतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर हा फरक भरून काढण्यासाठी एकाला घसरावे लागेल. टायर झिजतील, दांड्यावर ताण येईल आणि गाडी नीट वळणार नाही.

यावरचा तोडगा म्हणजे डिफरन्शियल. मागच्या अॅक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्याच्या आत क्राऊन, पिनियन आणि लहान दात्यांच्या चाकांचा हा संच असतो. इंजिनाकडून आलेला जोर तो दोन्ही चाकांना देतो आणि त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकेर यांनी १८२० च्या दशकातच वाफेवरच्या गाडीसाठी ही कल्पना मांडली होती. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये मूळ तत्त्व तेच आहे.

मग चिखलात तेच डिफरन्शियल अडचणीचे का ठरते?

साधे, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग देते, पण जोर मात्र दोघांना जवळजवळ सारखाच देते. ज्या चाकाखाली पकड कमी, त्याला पेलवेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो.

एक सोपे उदाहरण घेऊ. डावे चाक चिखलात आहे आणि ते १०० न्यूटन-मीटर एवढाच जोर पेलू शकते. त्यापेक्षा जास्त दिल्यास ते जागीच गरगर फिरते. उजवे चाक कातळावर आहे आणि १००० न्यूटन-मीटर पेलू शकते. समोरचा चढ चढायला दोन्ही मिळून ३५० हवेत. ओपन डिफरन्शियलमध्ये डाव्याला १०० आणि उजव्यालाही १०० मिळतात. एकूण २०० मध्ये गाडी चढत नाही. कातळावरच्या चाकाची क्षमता पडून राहते. डावे चाक हवेतच लटकले असेल, तर दोन्हीकडे शून्य.

चालक अशा वेळी अॅक्सिलरेटर आणखी दाबतो. त्याने चिखलातले चाक जास्त वेगाने फिरते, खड्डा करते आणि गाडी अॅक्सलपर्यंत खाली बसते. इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, याचा येथे उपयोग नसतो. अडचण ताकदीची नसून ती ताकद कुठे जाते याची असते.

पण गाडी ‘फोर बाय फोर’ असेल तर?

‘फोर बाय फोर’ म्हणजे चारही चाके ओढणार, असा समज सर्रास आहे. थार, जिप्सी, जिम्नी यांसारख्या गाड्यांमध्ये लहान लिव्हरने किंवा बटणाने पुढचा अॅक्सल जोडला की पुढच्या आणि मागच्या दांड्यांना सारखा वेग मिळतो. पण प्रत्येक अॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियल असतेच. ते ओपन असेल तर पुढच्या अॅक्सलवरचे एक आणि मागच्या अॅक्सलवरचे एक चाक सुटले, की चारचाकी ताकदीची गाडीही जागच्या जागी उभी राहते.

तिरक्या खड्ड्यांच्या वाटेवर हे हमखास घडते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक खड्ड्यात लोंबकळते आणि भार उरलेल्या दोघांवर येतो. भार असलेली चाके स्तब्ध, लोंबकळणारी दोन फिरत राहतात. एलएसडीची गरज भासते ती नेमकी येथे. याच रचनेमुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर जोडून गाडी चालवू नये, असे निर्माते सांगतात. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावायला या गाड्यांत मधले डिफरन्शियल नसते आणि ताण यंत्रणेवर येतो.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल नेमके काय करते?

नावाप्रमाणे ते चाक घसरण्यावर मर्यादा घालते. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच जास्त फिरू लागले, तर आतल्या घर्षणामुळे त्याला विरोध होतो आणि जास्तीचा जोर पकड असलेल्या चाकाकडे वळतो. किती पट जोर वळवता येतो, त्याला ‘टॉर्क बायस रेशो’ म्हणतात. तो ३ असेल, तर वरच्या उदाहरणात चिखलातल्या चाकाला १०० आणि कातळावरच्या चाकाला ३०० न्यूटन-मीटर मिळतील. एकूण ४०० झाले. चढाला ३५० हवे होते; गाडी निघाली.

या तंत्राची गरज आधी शर्यतींमध्ये जाणवली. १९३० च्या दशकात जर्मनीच्या ऑटो युनियनच्या ताकदवान शर्यती गाड्यांचे आतले चाक वळणावर जागीच फिरत असे. त्यावर फर्डिनांड पोर्श यांच्या चमूने आणि झेडएफ कंपनीने असे डिफरन्शियल वापरले. सामान्य ग्राहकांच्या मोटारींसाठी अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये ‘ट्विन ट्रॅक्शन’ या नावाने ते आणले. डोंगरवाटांवरच्या गाड्यांनी नंतर ते आपलेसे केले.

त्याचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला क्लच प्लेटचा. यात दोन्ही बाजूंना पातळ चकत्यांचे थर असतात आणि स्प्रिंग त्यांना थोडे दाबून धरते. त्यामुळे एक चाक हवेत असले तरी दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. चकत्या झिजतात, हा त्याचा तोटा.

दुसरा गिअरचा. तिरक्या दात्यांची चाके जोर वाढला की एकमेकांत आणि बाहेरच्या आवरणावर दाबली जातात व घर्षण निर्माण करतात. ‘टॉर्सन’ हा यातला सर्वात परिचित प्रकार. अमेरिकी संशोधक व्हर्नन ग्लीसमन यांची ती निर्मिती. ‘टॉर्क सेन्सिंग’ या शब्दांवरून ते नाव आले. यात झिजणाऱ्या चकत्या नसतात, त्यामुळे देखभाल कमी. पण चाक पूर्ण हवेत असेल तर शून्याच्या तिप्पटही शून्यच. अनुभवी चालक अशा वेळी अॅक्सिलरेटर देतानाच ब्रेक हलका दाबतात. समजा ब्रेकने प्रत्येक चाकावर २०० चा विरोध केला. लटकलेले चाक आता २०० पेलते, म्हणून दुसऱ्याकडे ६०० जातात. त्यातले २०० तिथला ब्रेक खातो, तरी ४०० उरतात.

तिसरा चिकट द्रवाचा, म्हणजे व्हिस्कस. सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्या वेगळ्या वेगाने फिरू लागल्या की द्रव त्यांना एकमेकींबरोबर ओढतो. रस्त्यावर हा प्रकार सौम्य आणि सुखद असतो, पण तो उशिरा काम करू लागतो. खडकाळ वाटेवर, जिथे गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते, तिथे तो अपुरा पडतो.

मग ‘डिफ लॉक’ वेगळे कसे?

एलएसडी चाकांमधला फरक मर्यादित करते. लॉक तो संपवतो. लॉक लागला की दोन्ही चाके एकाच दांड्यावर असल्यासारखी फिरतात. आपल्या उदाहरणात कातळावरच्या चाकाला त्याच्या क्षमतेएवढा, म्हणजे १००० पर्यंत जोर मिळू शकतो. दुसरे चाक हवेत असले तरी फरक पडत नाही. काही लॉक चालक स्वतः लिव्हरने किंवा बटणाने लावतो. काही आपोआप लागतात. ईटन कंपनीच्या यांत्रिक लॉकमध्ये दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतली लहान वजने बाहेर फेकली जातात आणि यंत्रणा अडकते. गाडीचा वेग वाढल्यावर ती लागत नाही. म्हणून असा लॉक असलेल्या गाडीत चाक क्षणभर फिरू द्यावे लागते. ‘खट्’ असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते. हे ठाऊक नसलेला चालक चाक फिरताच घाबरून पाय काढून घेतो आणि लॉक लागतच नाही.

आणखी एक मार्ग आहे, तो ब्रेकचा. एबीएसचे सेन्सर कोणते चाक वेडेवाकडे फिरते ते ओळखतात आणि संगणक फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकावर ३०० चा ब्रेक लागला, तर चिखलाचे १०० धरून त्या बाजूचा भार ४०० होतो. ओपन डिफरन्शियल समान वाटणी करते, म्हणून पलीकडच्या चाकालाही ४०० मिळतात. वेगळे यंत्र न बसवता काम होते, हा फायदा. पण ब्रेकने अडवलेली ताकद उष्णतेत वाया जाते. लांब चिखलात ब्रेक तापतात आणि यंत्रणा थोडा वेळ माघार घेऊ शकते.

भारतातील गाड्यांमध्ये काय मिळते?

महिंद्राने पहिली थार २०१० मध्ये आणली. तिच्या २०१५ मधील सुधारित आवृत्तीत मागच्या अॅक्सलसाठी ईटनचे यांत्रिक लॉक उपलब्ध झाले. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्येही काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉक आहे. ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होते. २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांत बटणावर चालणारे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे असे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक मिळतात. मारुती सुझुकीची २०२३ मधली जिम्नी ब्रेकवर आधारित मार्ग वापरते. कंपनी त्यालाच ‘ब्रेक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ म्हणते. १९८५ मध्ये आलेल्या जुन्या जिप्सीत यातले काहीच नव्हते. ती हलकी होती, हेच तिचे बलस्थान.

त्यामुळे ‘माझ्या गाडीत एलएसडी आहे’ असे मालक सांगतात तेव्हा ते नेमके कोणते, हे आधी पाहावे लागते. जुनी गाडी विकत घेताना तर हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. गाडीचा प्रकार आणि निर्मितीचे वर्ष पुस्तिकेशी ताडून पाहिले, तर नसलेल्या यंत्राचे पैसे मोजावे लागत नाहीत.

एलएसडीचे तोटे आहेत का?

आहेत, आणि ते सुरक्षेशी जोडलेले आहेत. आडव्या उतारावर ओपन डिफरन्शियल असेल तर एक चाक फिरते, पण दुसरे जमीन धरून राहते. त्यामुळे गाडीचा मागचा भाग खाली सरकत नाही. लॉक किंवा जास्त कडक एलएसडी असेल तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि मागचा भाग दरीच्या बाजूला घसरू शकतो. लॉक लावून वळताना गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून अडथळा पार होताच लॉक काढायचा, हा पहिला धडा.

दुसरा धोका गॅरेजातला. ओपन डिफरन्शियलच्या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीचे एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवले, तर उचललेले चाकच फिरते. एलएसडी किंवा आपोआप लागणारा लॉक असेल तर जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली माणूस असेल तर काय होईल, हे सांगायला नको. मेकॅनिकला गाडीत एलएसडी आहे हे आधीच सांगणे ही मालकाची जबाबदारी.

बाकीची पथ्ये साधी आहेत. एका अॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. एक नवा आणि एक गुळगुळीत असेल, तर सरळ रस्त्यावरही चाकांच्या वेगात फरक पडतो आणि क्लच प्लेट सतत घासत राहतात. क्लचच्या एलएसडीला निर्मात्याने सांगितलेलेच तेल लागते. त्यात घर्षण नियंत्रित करणारे रसायन असते. साधे गिअर ऑइल भरले तर हळू वळताना मागून गुरगुर आणि धक्के जाणवतात. अनेकदा ते यंत्र बिघडल्याचे लक्षण समजले जाते, पण दोष तेलाचा असतो.

ओढ्यातून गेल्यावर अॅक्सलमध्ये आणि अंतर्भागात काय होते?

गाडीच्या खालच्या आणि आतल्या दुखण्याचे मूळ एकच असते, ते म्हणजे पाणी. तासभर चाललेल्या गाडीचे अॅक्सल गरम असते. ते थंड ओढ्यात शिरले की आतली हवा आकुंचन पावते आणि पोकळी निर्माण होते. ही पोकळी भरायला हवा आत यावी म्हणून अॅक्सलला ब्रीदर नावाची बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली असेल किंवा तिचे तोंड पाण्याखाली गेले असेल, तर ऑइल सीलमधून किंवा नळीतून पाणीच आत ओढले जाते. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. अशा तेलात दाते आणि बेअरिंग झिजतात, क्लच प्लेट खराब होतात. एलएसडीवर हजारो रुपये घालणारा मालक काही शे रुपयांची ब्रीदरची नळी वर न्यायला विसरतो, तेव्हा नवे यंत्र पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येते.

त्याच ओढ्यात पाणी दाराच्या खालच्या सीलमधून आत येते. दुसऱ्या पिढीच्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. म्हणजे तेवढ्या खोलीत गाडी बंद पडणार नाही. आत एक थेंबही येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच या गाडीच्या तळाला बुचे दिली आहेत. ती काढली की आलेले पाणी आणि चिखल धुऊन खाली जातो. पण मालकाने वरून जाड गालिचा आणि खाली फेल्टचा थर बसवून घेतला असेल, तर बुचांचा उपयोग उरत नाही. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली फेल्ट स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो.

अंतर्भागाची दुरुस्ती कुठून सुरू करावी?

बहुतेक जण दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करतात. कुशनवाल्याकडे जाऊन नवे रेक्झिन, नवे मॅट, नवा स्टिअरिंग कव्हर. जाणकार क्रम उलटा ठेवतात.

आधी पाणी कुठून येते ते शोधायचे. दाराचे रबरी बीडिंग, काचेची कड, छताचे सांधे, कापडी हूड असेल तर त्याच्या शिवणी, आणि पेडलच्या वर वायरी जिथून आत येतात तिथला रबरी बूच. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचे, ही साधी परीक्षा पुरते.

मग आसने आणि गालिचा काढून तळ उघडा करायचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहिला की गंजलेली जागा आवाजावरून आणि भुसभुशीतपणावरून कळते. वरवरचा गंज घासून प्राइमर आणि रंग पुरतो. भोक पडले असेल तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, सांध्यांना सीलर लावावा लागतो. गंजावरच डांबरी लेप मारून घेणे हा सर्वात स्वस्त आणि सर्वात महागात पडणारा उपाय. लेपाखाली ओल अडकते आणि गंज दिसेनासा होऊन वाढत राहतो.

तिसरे काम वायरिंगचे. दाराच्या उंबऱ्याखालून आणि आसनांखालून तारांचे जुडगे जातात. चिखलाचे पाणी सुकल्यावर जोडण्यांवर हिरवट काट चढतो. मग कधी इंडिकेटर बंद, कधी धोक्याचा दिवा विनाकारण लागलेला, असे भुताटकीचे प्रकार सुरू होतात. जोडण्या उघडून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून मगच गालिचा परत टाकायचा.

खडखड सर्वात शेवटी. डॅशबोर्डच्या तुटलेल्या क्लिपा बदलणे, प्लॅस्टिक जिथे प्लॅस्टिकला घासते तिथे फेल्टची पट्टी लावणे, हे घरीही करता येते. पण आधी एक पाहावे : आवाज प्लॅस्टिकचा आहे की आसनाच्या बोल्टचा?

यात सुरक्षेचा भाग कोणता?

आसन आणि पट्टा. अपघातात माणसाला धरून ठेवणारी साखळी तळाच्या पत्र्यापासून सुरू होते. पत्रा, त्यावरचा बोल्ट, आसनाची चौकट, पट्ट्याचे टोक. पत्रा सडलेला असेल तर वरचे महागडे आसन फक्त देखावा ठरते. आसनांचे बोल्ट निर्मात्याने दिलेल्या जोराने आवळावे लागतात. बाजारातला साधा बोल्ट मापात बसला तरी ताकदीत बसेलच असे नाही.

चिखलाने भरलेला पट्टा संथ गुंडाळला जातो, त्याचे धागे कातरले जातात. तो पूर्ण बाहेर ओढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा. ब्लीच किंवा रंग लावू नये. धागा कमजोर होतो. कडा उसवलेला पट्टा शिवून घेण्याची गोष्ट नाही, तो बदलायचाच.

एअरबॅग असलेल्या गाडीत आसनाखालच्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या जोडणीला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे लागते. आसनाच्या बाजूला एअरबॅग असेल तर वरून घट्ट कव्हर चढवू नये. ती उघडण्याची जागाच शिवली जाते.

जुन्या थारमध्ये मागे समोरासमोर बाके असतात. अनेक मालक ती काढून पुढे तोंड असलेली आसने बसवतात. विचार योग्य आहे. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नव्या थारला ४ तारे मिळाले, तेही पुढे तोंड असलेल्या आसनांच्या गाडीला. पण पत्र्याला मजबुती न देता, नुसते भोक पाडून बसवलेले आसन चाचणीतल्या आसनासारखे वागणार नाही.

कायदा आणि विमा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रावर असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हाच मुद्दा अधोरेखित केला. आसनक्षमता नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. त्यामुळे बाके काढून आसने बदलली आणि संख्या बदलली, तर आरटीओचा प्रश्न येतो. डिफरन्शियलचा प्रकार प्रमाणपत्रावर नसतो, पण हमीच्या काळात बाहेरचे यंत्र बसवल्यास त्या भागाच्या हमीवर पाणी सोडावे लागू शकते. बदल करण्याआधी कंपनी आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घेणे श्रेयस्कर.

पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान बहुतेक मूळ पॉलिसींमध्ये येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवण्यास बंदी आहे. शिवाय भरतीची वेळ कोणत्याही एलएसडीसाठी थांबत नाही. खारे पाणी तळाच्या पत्र्याला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खाते.

मग आधी पैसे कशावर?

क्रम साधा आहे. आधी तळाचा पत्रा, आसनांचे बोल्ट आणि पट्टे, कारण त्यावर आतल्या माणसांचा जीव अवलंबून आहे. मग गळती आणि वायरिंग. मग अॅक्सलचे तेल आणि ब्रीदर. त्यानंतर टायर. चिखलात चांगल्या नक्षीचे टायर आणि परिस्थितीनुसार कमी केलेली हवा इतका फरक पाडतात की अनेकांना एलएसडीची गरजच उरत नाही. वाटेवरून डांबरी रस्त्यावर येताना हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नये. एवढे सगळे झाल्यावरही तिरक्या खड्ड्यांत गाडी अडत असेल, तर एलएसडी किंवा लॉकचा विचार करावा. तोही गाडीचा वापर पाहून. आठवड्याचे सहा दिवस शहरात आणि एक दिवस कच्च्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला गिअरचे एलएसडी सोयीचे, कारण ते रस्त्यावर जाणवत नाही. खडक आणि खोल चर हाच छंद असेल तर चालकाच्या हातात असलेला लॉक बरा.

रेक्झिन आणि नवे मॅट सगळ्यात शेवटी. पुढचा पावसाळा ते पुन्हा मळवणारच आहे. खालचा पत्रा शाबूत असेल, तर ते पुन्हा धुता येते.